कडेचं दिसतं

रविवारी सकाळी मी नेहमीसारखा खुर्चीत बसलो, चष्मा पुसल्यासारखं केलं, माउस उजवीकडे वरच्या कोपऱ्यापर्यंत नेला, तिथून दोन बोटं खाली आणला आणि दाबलं. नऊ वर्षं त्या जागी जन्ममृत्यूचं रजिस्टर होतं. त्या दिवशी तिथं हवामान उघडलं. म्हणजे हवामान आहे हे मला नंतर कळलं, तेव्हा नुसता एक पिवळा डाग पडद्याच्या कडेकडेनं पसरला आणि खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, "उस्ताज रऊफ, मुलीच्या जन्माचा दाखला हवाय, ऊन पडणार की नाही ते नकोय." मागच्या रांगेत हशा पिकला. मीही हसलो. हसता हसता मी माउस पुन्हा कोपऱ्यात नेत होतो, जिन्याची पायरी होती तिथं नसली की पाय जसा हवेत राहतो तसा तो पांढरा बाण कुठंतरी फिरत होता. मग मी आपल्या देशातल्या कुठल्याही कचेरीत चालणारं एक वाक्य म्हटलं: "सिस्टीम पडलीय." या वाक्यावर कुणी वाद घालत नाही. माणूस सुस्कारा टाकतो, कागद गोळा करतो आणि शेजारच्या खिडकीकडे जातो. तो तसाच शेजारी मदाम तहानीकडे गेला.

हे बदलणार हे मला महिनाभर आधी माहीत होतं. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत इंजिनियर दालिया येऊन सगळी जुनी यंत्रं नव्यानं घडवून जाणार, असं पत्रक भिंतीवर लागलं होतं, आणि मदाम तहानीनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. मी मान हलवली होती. मला वाटलं होतं, रंगबिंग बदलतील, आणखी काय करणार? गुरुवारी दालियानं अर्धा तास शिकवणी घेतली. हुशार बाई, बोलणंही गोड. "घाबरायचं नाही हं कुणी. कडेचा सगळा पसारा काढून टाकलाय. कोपऱ्यात शोधाशोध नको. आता जे हवंय ते समोर येतं. मधोमध बघा, फक्त मधोमध." सगळ्यांनी "वा" केलं. मीही केलं.

आता सांगायलाच हवं. मला मधोमध दिसत नाही. दोन वर्षं झाली. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं, आणि त्याच्या भोवतीचं सगळं जागच्या जागी राहतं. माणसाच्या चेहऱ्याकडे बघितलं की खांदे दिसतात, कान दिसतात, मागची भिंत, भिंतीवरचं घड्याळ दिसतं, आणि चेहऱ्याच्या जागी एक भुरका गोळा. या गावात डोळ्यांचे डॉक्टर आहेत, पण त्यांच्या बाहेरच्या बाकावर आपल्याच ओळखीची माणसं बसलेली असतात. म्हणून मी इस्माइलियाला गेलो होतो, एकटा, बायकोला भाच्याच्या कामाला चाललोय असं सांगून. तिथला डॉक्टर म्हातारा होता. म्हणाला, "बाजूचं राहील. बाजूचं शेवटपर्यंत राहील. त्याबद्दल देवाचे आभार माना." मी बसमध्ये बसून आभार मानायचा प्रयत्न केला. खिडकीबाहेर कालव्यातून एक मोठं जहाज चाललं होतं. वाळूतून चालल्यासारखं दिसतं ते नेहमी. मी त्याच्याकडे बघितलं की त्याची मधली दोनशे पावलं गायब व्हायची आणि नुसतं पुढचं टोक आणि मागचा धूर राहायचा. तेव्हा मला कळलं की हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की वैद्यकीय मंडळ, मंडळ म्हणजे घरी बसणं, आणि घरी बसणं म्हणजे बायको, इन्साफ, मला हाताला धरून फेरीबोटीपर्यंत फिरायला नेणार. मी छत्तिसाव्या वर्षापासून त्या खिडकीत आहे. अर्ध्या पोर्ट सैदला मी जन्माला घातलंय, असं लोक म्हणतात. उरलेल्यांना पुरलंयही मीच.

लपवणं अवघड नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. रोज सकाळी पोर्ट फुआदच्या घरून फेरीबोटीनं कालव्यापलीकडे कचेरीत यायचं, त्यात डोळ्यांचं काम काय? रेलिंगचा थंड लोखंडी स्पर्श, इंजिनाचा आवाज उतरला की धक्का आला, मग सतरा पावलं आणि फुटपाथ. घरी पेपर वाचणं बंद केलं, म्हणालो, बातम्यांत आता काही दम राहिला नाही. माशाचे काटे बोटांनी काढायचे, ते आम्ही पूर्वीपासून बोटांनीच काढतो. टायपिंग मी लष्करात शिकलो, डोळ्यांवर फडकं बांधून शिकवायचा आमचा सार्जंट. आणि पडदा? पडद्यावरचं सगळं कडेला होतं. उजवीकडे वरून पहिलं रजिस्टर, दुसरं दाखल्यांची छपाई, तिसरं दुरुस्त्या. जाडजूड, रंगीत, उठावदार. ती चित्रं मी कधी वाचली नाहीत, ती माझी माहितीतली घरं होती. लोकांशी बोलताना मी त्यांच्या कानाच्या पलीकडे बघायचो, म्हणजे चेहऱ्याचा काही भाग तरी हाती लागतो. त्यावरून माझी ख्याती झाली. उस्ताज रऊफ कुणाच्या नजरेला नजर देत नाही, फार शिष्ट झालाय. होऊ दे म्हटलं.

राहता राहिला अर्ज. अर्जावर माणसाचं चार पिढ्यांचं नाव आणि आईचं नाव असतं, आणि ते वाचून यंत्रात घालायचं असतं. ते मला वाचता येईना. तेव्हा मी एक शिस्त काढली. "कागद बाजूला ठेव. आपल्या तोंडानं सांग. आपलं नाव आपल्या तोंडानं सांगायला माणसानं लाजू नये." आवाज कडक लावायचो. आपलं नाव लोक सांगत. आईच्या नावाशी आले की अडत. आमच्याकडे पुरुष चारचौघांत आईचं नाव घेत नाही. आई म्हणजे अमक्याची आई, नाहीतर हज करून आलेली हज्जा. तिचं स्वतःचं नाव घरात राहतं. दांडगे दांडगे गोदी कामगार खिडकीच्या गजात तोंड खुपसून माझ्या कानात पुटपुटायचे, आणि त्यांच्या श्वासाला तंबाखूचा, चहाचा, कधी नुसता भीतीचा वास असायचा. मदाम तहानी म्हणायची, "का छळता हो त्यांना? कागदावर लिहिलेलं असतं ना." मी म्हणायचो, "कागद खोटं बोलतो." मला त्या वाक्याचा अभिमान वाटायचा, हे कबूल करतो. त्यातून माझ्या आंधळेपणाला काहीतरी भारदस्तपणा यायचा. आणि गंमत म्हणजे, ही लाज मला आतून माहीत होती. सदुसष्टच्या लढाईनंतर आमचं गाव रिकामं केलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दमिएत्ताकडच्या एका खेड्यात, शाळेच्या एका वर्गात तीन कुटुंबं राहायची, मध्ये चादरी टांगून. तिथल्या मास्तरनं विस्थापितांची यादी करताना माझ्या आईचं नाव वर्गात मोठ्यानं वाचलं आणि संध्याकाळपर्यंत पोरांनी त्या नावाला चाल लावली होती. मी दोन पोरांचे दात पाडले. ते नाव मी आत्ताही लिहीत नाहीये. सवय जात नाही.

परत आलो तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. घर उभं होतं. आम्हाला वाटलं होतं, पडलं असेल. शेजारची दोन पडली होती. पण आमच्या घरात सात वर्षं सैनिक राहिले होते आणि त्यांनी सगळं हलवलं होतं. पलंग स्वयंपाकघरात, फडताळ दुसऱ्या भिंतीला, चूल खिडकीखाली. आई आत गेली, दिवे नव्हते, तिनं दाराजवळच्या फळीवर काड्यांच्या पेटीसाठी हात घातला. फळीच नव्हती. ती तशीच हात पुढे करून उभी राहिली. अब्बा म्हणाले, "अगं, घर मिळालं, फळी करून घेऊ." फळी केली. पण नंतर कितीतरी महिने ती स्वयंपाक करता करता मधेच थांबायची आणि हात कुठं न्यायचा ते विसरायची, आणि आम्ही हसायचो. माझा थोरला भाऊ तिची नक्कल करायचा. आज मला त्या हसण्याची शरम वाटते. हात उचलायचा आणि तो कुठं न्यावा हे कळू नये, याच्याइतकं एकटं दुसरं काही नाही.

सोमवारी मी सिस्टीम पाडली. मंगळवारीही पाडली. मंगळवारी मदाम तहानी दोन खिडक्यांमधल्या काचेवर टकटक करून म्हणाली, "उस्ताज, तुमचीच कशी हो रोज पडते? माझी बघा, घोड्यासारखी उभी आहे." "तुमच्यावर खूश असेल," मी म्हणालो. "निळा रंग शोभतोय म्हणून." ती हसली. रोज सकाळी मी तिच्या रुमालाच्या रंगाबद्दल काहीतरी बोलतो, रंग कडेनं दिसतात. दुपारी सगळे नमाजाला खाली गेले की मी एकटा पडद्यासमोर बसायचो. मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, नाक काचेला लावून. सगळे चौकोन एका मापाचे, एकाच फिकट निळ्या रंगाचे, गुळगुळीत. आणि ते जागा बदलत होते. काल ज्याला जास्त दाबलं तो आज पुढे यायचा. इंजिनियर दालियाच्या मते ही सोय होती: यंत्र तुमच्या सवयी शिकतं. माझ्या सवयी मी नऊ वर्षांत शिकवल्या होत्या, त्या त्यानं एका सुट्टीत पुसल्या आणि आता माझ्याकडूनच नव्या मागत होतं. जिन्यावर नमाजाहून परतणाऱ्यांचे पाय वाजले की मी सरळ बसायचो, कपाळाचा ठसा काचेवरून पुसायचो. मला रडू येत होतं का? येत होतं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, एका निळ्या चौकोनासाठी. घरी इन्साफनं विचारलं, "काय झालंय तुम्हाला? तीन दिवस मिठाशिवाय जेवताय, कळत तरी आहे का?" मी म्हटलं, कचेरीत नवं यंत्र आलंय. ती म्हणाली, "म्हणजे यंत्राशी भांडून येताय होय. मला वाटलं माझ्याशी."

बुधवारी अब्देल-आती आला. तेव्हा मला नाव माहीत नव्हतं. खिडकीत नुसते दोन मोठे खांदे आणि मन्झला तलावाच्या चिखलाचा वास आला, मासेमाराचा. "उस्ताज, ओळखलंत ना मला?" "सांग," मी म्हणालो. त्यानं गजातून दोन कागद सरकवले. "हा माझा जन्माचा दाखला. दोन वर्षांपूर्वी जुन्या हाती लिहिलेल्या कागदावरून तुम्हीच यंत्रात घालून दिलात. आणि हा माझ्या आईच्या मृत्यूचा. नऊ दिवस झाले तिला जाऊन." मी म्हटलं, देव तिला दया दाखवो, तिचं उरलेलं आयुष्य तुला लाभो. तो म्हणाला, "वारसांचा कागद करायला गेलो. तिच्या लेकरांच्या यादीत माझ्या तीन बहिणी आहेत. मी नाही. तिथला कारकून म्हणतो, तुझी आई कुणी फातमा आहे, ही बाई तुझी कोण? मेव्हणे हसतात. मी तिला या हातांनी कबरीत उतरवलंय, उस्ताज. आणि कागद म्हणतो, ती माझी कुणी नाही."

"मग फातमा कुठून आली?" मी विचारलं. माझा आवाज कडकच होता. आवाजालाही सवय असते.

तो गजाजवळ आला. "मागे बोटीवरची सगळी मंडळी उभी होती त्या दिवशी. तुम्ही म्हणालात, तोंडानं सांग. तिचं नाव जुन्या वळणाचं, ते ऐकलं असतं तर तळ्यावर माझं जगणं हराम केलं असतं त्यांनी. म्हणून म्हटलं, फातमा. कुणाच्याही आईचं असतं. पण कागद दिला होता की तुमच्या हातात! त्याच्यावर खरं लिहिलेलं होतं. मला वाटलं, तोंडानं काही का सांगेना, उस्ताज कागदावरचंच घालणार. तोंडानं विचारतात ते आपलं उगाच, लाज आणायला."

त्याच्या मागून एक म्हातारी कडाडली, "आईचं नाव खोटं सांगतोस? तिच्या दुधाची तरी शरम धर!" आणखी दोघंतिघं बोलू लागले. पोरकट आहेस, गाढव आहेस, आता जा कोर्टात. ते बरोबरच होतं. नियम असा आहे: चूक अर्जदाराची असेल तर कोर्ट, साक्षीदार, आठ-दहा महिने, चूक कारकुनाची असेल तर त्याच दिवशी, याच खिडकीत दुरुस्ती, फक्त कारकुनानं कारण नोंदवायचं. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. म्हातारी माझं काम करत होती. मी त्या खांद्यांच्या मधल्या भुरक्या गोळ्याकडे बघत बसलो आणि मला एकामागून एक श्वास आठवू लागले. कानाशी आलेले ते सगळे. एक अगदी हळू म्हणाला होता, जैनब, आणि म्हणायच्या आधी थांबला होता. एकानं दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा वेगळं, आणि मी त्याला दरडावलं होतं. किती जण त्या गजातून आपली आई बदलून गेले असतील? त्यांच्या हातात खरे कागद होते. मी ते बाजूला ठेवायला लावले.

"थांब," मी म्हटलं. "आत ये. या बाजूला, माझ्याजवळ." तो दार ढकलून आत आला, खुर्चीशेजारी उभा राहिला, आणि त्याच्या अंगाची ऊब मला लागली. मी उठून पडदा त्याच्याकडे वळवला. खालच्या आवाजात म्हणालो, "यातला दुरुस्त्यांचा चौकोन कुठला तो मला वाचून सांग." तो पडद्याकडे वाकला. मी म्हटलं, "वाच की." तो म्हणाला, "उस्ताज, थट्टा करताय? वाचता आलं असतं तर दोन वर्षं त्या फातमाला खिशात घालून हिंडलो असतो का?"

आम्ही दोघं त्या निळ्या उजेडासमोर उभे होतो. बाहेर म्हातारी अजून बोलत होती. मी काचेवर टकटक केलं. "मदाम तहानी, जरा इकडे या. मला दिसत नाही."

"पडली का पुन्हा?" ती हसत म्हणाली.

"सिस्टीम नाही. मी. मला दिसत नाही. वाचता येत नाही. दोन वर्षं झाली."

तिच्या खुर्चीचा आवाज आला, मग चपलांचा. ती माझ्या पलीकडे येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आणि रोज मला रुमालाबद्दल सांगायचात ते?" "कडेचं दिसतं," मी म्हणालो. "रंग दिसतात. तुमचा चेहरा नाही दिसला कधीपासून." तिनं नाक ओढलं. मग तिनं माझ्या हाताखालून माउस घेतला, अब्देल-आतीला त्याच्या आईचं नाव विचारलं, आणि त्यानं ते सांगितलं. सित्त-अबूहा. आपल्या बापाची राणी, असं ते नाव. मोठ्यानं सांगितलं त्यानं, रांगेला ऐकू जाईल असं. कुणी हसलं नाही.

"कारण लिहायचंय," मदाम तहानी माझ्या कानाशी म्हणाली. "मी 'टायपिंगची चूक' घालते. तेवढं पुरतं, उस्ताज. याचं काम होतं आणि कुणी काही विचारत नाही. निवृत्तीला तीनच वर्षं राहिलीत. मी आहे ना शेजारी, निभावून नेऊ." तिनं ते इतक्या मायेनं म्हटलं की मी हो म्हणणारच होतो. मी तीन वर्षं मनात धरून बघितली. सकाळची बोट, सतरा पावलं, खिडकी, शेजारी तिचा आवाज. होण्यासारखं होतं. मग याचं काम झालं असतं आणि बाकीचे तसेच राहिले असते, आपापल्या खिशात खोटी आई घेऊन, ती मरेपर्यंत आणि त्यांना कळेपर्यंत.

"नको," मी म्हणालो. "असं लिहा: कारकुनाला दिसत नव्हतं, त्यानं कागद न वाचता नाव विचारून घातलं. आणि तारीख घाला, दोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या ईदनंतरचा पहिला रविवार, त्या दिवसापासून मी एकही कागद वाचलेला नाही. तिथपासून आजपर्यंत माझ्या खिडकीतली प्रत्येक नोंद पुन्हा कागदाशी ताडून बघावी."

"उस्ताज, ही नोंद वर गेली की परत येत नाही."

"माहीत आहे."

तिनं टाइप केलं. तिला वेळ लागला. ती दोन बोटांनी टाइप करते, मला त्याचा नेहमी राग यायचा. मग नियमाप्रमाणे तिनं मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला, आणि कचेरीतल्या सगळ्यांनी तो ऐकला. "मान्य" हे मलाच दाबायचं होतं. ती म्हणाली, "डावीकडे न्या. आणखी. आता खाली. थोडं वर. बस्स." मी दाबलं. छपाईचं यंत्र घरघरलं, कागद बाहेर आला. अब्देल-आतीनं तो घेतला, वाचता येत नसतानाही बराच वेळ बघितला, मग माझ्या हाताला त्याचा खरखरीत हात लागला, आणि तो गेला. मी खुर्चीत बसलो, पाठ सरळ केली. "पुढचा," मी म्हटलं. पुढचा माणूस खिडकीशी आला. त्यानं क्षणभर वाट बघितली आणि मग आपला कागद माझ्या डोक्यावरून मदाम तहानीच्या हातात दिला.